सायकलीवरचे पाहुणे

प्रवासवर्णने वाचताना मला एक खोड लागली आहे. प्रवासी दिवसभरात किती मैल चालला, कोणता डोंगर चढला, कोणती नदी ओलांडली, याकडे माझे लक्ष जरा उशिराच जाते. आधी मी शोधतो ते हे, की दिवस मावळल्यावर तो कोणाच्या दारात उभा राहिला, आणि त्याच्या पुढ्यात काय वाढले गेले. ही खोड घेऊन सायकलीवरून आशिया पालथा घालणाऱ्यांची पुस्तके वाचायला बसावे, म्हणजे मोठी मौज येते. कारण दिवेलागणीच्या वेळी सायकलस्वाराइतका पराधीन प्रवासी दुसरा नाही.

आगगाडीच्या प्रवाशाला डबा असतो, जहाजाच्या प्रवाशाला खोली असते. पूर्वीचे साहेब लोक घोड्यावरून हिंडत, तेव्हा मागून तंबू, खानसामा आणि गालिचे येत. सायकलीवर काय मावणार? अंगावरचे कपडे, एखादा सदरा, थोडी हत्यारे. अंथरूण, अन्न आणि छप्पर या तिन्ही गोष्टी रोज नव्या गावात, नव्या माणसांकडून मिळवायच्या. तेव्हा या प्रवासांचा इतिहास निम्मा स्वारांचा आणि निम्मा यजमानांचा आहे. स्वारांची नावे पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर आली. यजमान बहुधा निनावी राहिले. आज त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे मनात आहे.

या मालिकेतला पहिला मानकरी टॉमस स्टीव्हन्स. जन्माने इंग्रज, पण अमेरिकेत जाऊन राहिलेला. २२ एप्रिल १८८४ रोजी तो सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १७ डिसेंबर १८८६ रोजी जपानातल्या योकोहामाला पोहोचला. त्याची सायकल म्हणजे पुढे पन्नास इंचांचे थोरले चाक आणि मागे बशीएवढे चिमुकले. हवेचे टायर अजून जन्माला यायचे होते. या उंटावर बसून हा गृहस्थ तुर्कस्तानात शिरला, आणि गावोगावी एकच पुकारा त्याच्या मागे लागला, "बिन, बाकालिम!" म्हणजे, "चढ रे बाबा, बघू या!" दिवसभराच्या चालीने पाय मोडून आलेले असोत, पोटात कावळे ओरडत असोत, गावाला खेळ करून दाखवल्याखेरीज सुटका नाही. स्टीव्हन्स वैतागतो, कुरकुरतो, आणि पुढच्याच परिच्छेदात त्याच लोकांनी पुढे केलेल्या पुलावावर आडवा हात मारतो!

१८८५-८६चा हिवाळा त्याने तेहरानमध्ये काढला. इराणच्या नासिरुद्दीन शहालाही हे चालते चाक बघण्याचा मोह आवरला नाही. त्याने स्टीव्हन्सला आपल्या स्वारीबरोबर सायकल चालवायला लावले. गावच्या पोरांची आणि शहेनशहाची हौस अशी एकाच जातीची निघाली. अफगाणिस्तानाने मात्र त्याला पुढे जाऊ दिले नाही. पकडून, बंदोबस्तात इराणच्या हद्दीवर परत आणून सोडले. मग जहाजाने तो कराचीला आला, आणि ऐन पावसाळ्यात लाहोरहून कलकत्त्यापर्यंत आपल्या जुन्या बादशाही सडकेने गेला.

चीनमध्ये त्याच्यावर खरा प्रसंग गुदरला. फ्रान्सशी झालेल्या १८८४-८५च्या युद्धाची जखम ओली होती. दक्षिण चीनमधल्या जमावाला हा गोरा माणूस फ्रेंच की इंग्रज, याच्याशी कर्तव्य नव्हते. दगड आले, आरोळ्या आल्या. जीव वाचला तो एका चिनी अंमलदाराने त्याला आपल्या कचेरीच्या वाड्यात घेतले म्हणून. बाहेर खवळलेला जमाव आपल्याच लोकांचा, आत एक अनोळखी परदेशी. आणि मध्ये तो अंमलदार उभा. स्टीव्हन्सच्या धैर्याची तारीफ साऱ्या जगाने केली. त्या रात्री त्या अंमलदाराने दाखवलेल्या धैर्याचे मोल मला त्याहून तसूभरही कमी वाटत नाही.

स्टीव्हन्सच्या मागोमाग टॉमस ॲलन आणि विल्यम सॅक्टलबेन हे दोघे अमेरिकन मित्र निघाले. १८९० साली महाविद्यालयाची पदवी घेतली आणि दुसऱ्याच दिवशी घर सोडले. १८९१च्या वसंतात कॉन्स्टँटिनोपलहून निघून ते अंकारा, सिवास, एर्झुरूम करीत पूर्वेला गेले. वाटेत अरारात पर्वत चढले. मग इराण, समरकंद, ताश्कंद, गोबीचे वाळवंट आणि चिनी भिंत ओलांडून १८९२ साली पेकिंगला पोहोचले. एव्हाना दोन्ही चाके सारखी असलेली आजच्या घडणीची सायकल आली होती. तुर्की खेडुतांनी तिचे नाव ठेवले "शेतान आराबासी", सैतानाची गाडी. नाव असे, पण गाडीच्या धन्याला रात्री ओसरी नाकारल्याचे प्रसंग फार थोडे.

चीनमध्ये तर पैशांचीच पंचाईत. भोकाची तांब्याची नाणी दोरीत ओवून न्यायची. थोड्याशा रकमेचे ओझे इतके, की सायकल पैशांनी वाकायची. शेवटी टिंट्सिनला चीनचा बडा मुत्सद्दी ली हुंग-चांग याने त्यांना भेटीला बोलावले. दोन धुळकट विद्यार्थ्यांना त्याने विचारलेल्या प्रश्नांतून कुतूहल ओसंडते. एवढ्या उलाढालीचा माणूस, पण तोही आपल्या गावच्या पाटलासारखाच 'कुठून आलात, कशासाठी आलात' असे विचारीत बसला, हे वाचून मन प्रसन्न होते.

वाचकांना वाटेल, की अनोळखी माणसाला जेवू घालण्याची ही रीत आशियाने सायकलवाल्यांसाठी काढली काय? छे! ही रीत उंटांच्या काळची. इराणात कारवानांच्या वाटेवर एका दिवसाच्या चालीवर सराया बांधलेल्या असत: मधे चौक, भोवती ओवऱ्या, एकच मोठा दरवाजा. त्यांतल्या निवडक चोपन्न सराया २०२३ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. आपल्याकडच्या धर्मशाळा, चावड्या आणि देवळांच्या ओवऱ्या याच गोत्रातल्या. कॉलेजात असताना मी एकदा पुण्याहून वाईला सायकलीने गेलो होतो. खंबाटकीच्या पायथ्याशी एका म्हातारीने मला तांब्याभर ताक पाजले. नाव विचारले नाही, गाव मात्र विचारले. पैसे काढले तेव्हा म्हणाली, "ताकाचं कुणी पैसं घेतं व्हय रं लेकरा?" तुर्कस्तानातल्या त्या निनावी यजमानांविषयी वाचताना मला त्यांचे चेहरे दिसतात, ते या म्हातारीमुळे.

पण हा सारा इतिहास पुलाव आणि ताकाचाच आहे असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पिट्सबर्गचा फ्रँक लेन्झ हा तरुण १८९२ साली जगप्रवासाला निघाला. चीन, ब्रह्मदेश, हिंदुस्थान, इराण अशी वाट काढीत १८९४च्या मे महिन्यात त्याने तब्रीझ सोडले आणि एर्झुरूमच्या वाटेवर तो नाहीसा झाला. वाटेतच त्याचा खून झाला होता. त्याचे थडगेही कधी सापडले नाही. ज्या मासिकासाठी तो लिहीत असे, त्या मासिकाने १८९५ साली शोधासाठी माणूस धाडला. तो माणूस म्हणजे विल्यम सॅक्टलबेन. चार वर्षांपूर्वी याच मुलखात सायकलीने फिरलेला, इथली भाकरी खाल्लेला पाहुणा.

सॅक्टलबेन एर्झुरूमला असतानाच, ऑक्टोबर १८९५च्या अखेरीस, तिथल्या आर्मेनियन वस्तीची कत्तल झाली. तो आर्मेनियन दफनभूमीत गेला. रांगेने ठेवलेली प्रेते त्याने पाहिली, त्यांची छायाचित्रे घेतली, आणि पाहिले ते सारे पत्रात लिहून पाठवले. ते पत्र लंडनच्या 'टाइम्स'मध्ये छापून आले. एका हरवलेल्या सायकलस्वाराचा माग काढायला आलेला हा मनुष्य, पण त्याच्या हातून जे महत्त्वाचे काम झाले ते दुसरेच. आज त्या कत्तलीचा पुरावा म्हणून त्याची छायाचित्रे पाहिली जातात. पाहुणा आपले ऋण कसे फेडतो? यजमानावर काळ आला असता डोळे न मिटता साक्ष देणे, ही एक फेड झाली. ती सॅक्टलबेनने केली.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईच्या वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलींवर बसून जगाला वळसा घालायला निघाले: आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तुम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कापडिया. पंजाब, बलुचिस्तान, इराण, इराक अशी त्यांची वाट. इराण म्हणजे या मंडळींच्या पूर्वजांची भूमी. कित्येक शतकांपूर्वी जे लोक आसऱ्यासाठी गुजरातच्या किनाऱ्याला लागले आणि ज्यांना इथल्या राजाने आसरा दिला अशी कथा ते अजून सांगतात, त्यांचीच ही पोरे पाहुणी म्हणून परत चालली होती!

बगदादहून अलेप्पोपर्यंतचे सुमारे सहाशे मैलांचे वाळवंट त्यांनी तेवीस दिवसांत ओलांडले. सहाशे मैलांचे पाणी कोणी सायकलीच्या दांडीला बांधून नेत नाही; ते कोणाच्या तरी विहिरीतून, कोणाच्या तरी पखालीतून येते. पुढे युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन, इंडोचायना, सयाम आणि ब्रह्मदेश करून १८ मार्च १९२८ रोजी ते मुंबईला परतले. सहांपैकी तिघे वाटेत निरनिराळ्या ठिकाणी गळाले. हकीम, बापासोला आणि भुमगरा या तिघांनी प्रवास तडीस नेला. चव्वेचाळीस हजार मैल, म्हणजे सुमारे एकाहत्तर हजार किलोमीटर! या तरुणांच्या मागे स्वतःचे राज्य नव्हते. हातातला पासपोर्टसुद्धा परक्या सरकारचा. तरी ते साऱ्या जगाचे पाहुणे झाले. १९३१ साली त्यांचे पुस्तक निघाले. पुढे मुंबईच्याच केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ यांनी १९३३ ते १९४२ असा दीर्घ प्रवास केला. सिल्हेटचा रामनाथ विश्वास १९३१ साली सिंगापूरहून निघाला आणि त्याने आपल्या प्रवासांवर बंगालीत पुस्तके लिहिली.

शेवटची हकीकत एका बाईची. आयर्लंडच्या डर्व्हला मर्फीला दहाव्या वाढदिवशी एक जुनी सायकल आणि एक नकाशांचे पुस्तक मिळाले, आणि तेव्हाच तिने हिंदुस्थानला सायकलीने जायचे ठरवले. आईच्या आजारपणाने वीस वर्षे गेली; पण बेत मोडला नाही. १४ जानेवारी १९६३ रोजी ती डंकर्कहून एकटी निघाली. बर्फ, लांडगे, तुर्कस्तान, इराण. अफगाणिस्तानात एका बसमधल्या भांडणात बंदुकीचा दस्ता लागून तिच्या बरगड्या मोडल्या. आणि तरीही अफगाण माणसांविषयी तिने जितक्या मायेने लिहिले तितके क्वचितच कोणी लिहिले असेल. चहाच्या दुकानांत ती जमिनीवर झोपली. ठिकठिकाणी लोकांनी तिचे पैसे परत केले. जुलैमध्ये ती दिल्लीला पोहोचली, आणि तिथून गेली कुठे, तर हिमालयाच्या पायथ्याशी, तिबेटी निर्वासितांच्या मुलांची शुश्रूषा करायला. सहा महिने दारोदार पाहुणचार घेतलेली ही बाई स्वतः यजमानीण झाली. ही ऋणाची दुसरी फेड. २०२२ साली नव्वदाव्या वर्षी ती वारली.

१९७९ साली इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्या, आणि युरोपहून हिंदुस्थानला येणारी ती जुनी वाट मोडली. बगदाद ते अलेप्पो या मुलखाची पुढे काय दशा झाली, ती आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचली. बातम्यांत ही नावे आली, की आपण पान उलटतो. मला मात्र त्या तेवीस दिवसांतले पाणी आठवते. मुंबईच्या पोरांना ज्यांनी ते पाजले, त्यांची नातवंडे-पतवंडे आज कोणत्या छावणीत, कोणाच्या दाराशी उभी असतील?

दिवाळीत आपल्याकडे दारी आलेल्याला फराळाशिवाय जाऊ देत नाहीत. दूधवाला येतो, पोस्टमन येतो, कोणा नातलगाचा अनोळखी मित्र येतो, आई आतून हाक मारते, "अरे, त्यांना बशी दे." त्या बशीवर नाव घालायचे नसते, हे आपण लहानपणीच शिकलो. यंदा बशी पुढे करताना अनातोलियातल्या आणि इराणातल्या त्या निनावी गृहिणींची एकदा आठवण काढावी. आपल्या गावच्या मुलांचे त्यांच्याकडे थोडे देणे राहिले आहे.