निगमसभेत वाचलेली नावे



नगरपालिकेचा सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ, हार आणि एक फोटो. कशाबद्दल सत्कार झाला, हे महिन्याभरानं विचारलं तर कुणाला धड सांगता येत नाही. आमच्या जुन्नरच्या डोंगरात मात्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी केलेली सेवा अजून नावानिशी वाचता येते.

लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी इथल्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ही लिपी उलगडली. १८८१ साली बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेण्यांतले लेख छापून जगापुढे ठेवले.

या लेखांत लांबलचक स्तुती नाही. नाव, गाव किंवा धंदा, आणि काय दिलं ते. लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याचं दान. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे संघटनेनं, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दिली. इरिल नावाच्या यवनानं दोन पोढ्या दिल्या, चित नावाच्या यवनानं संघाला भोजनमंडप दिला. नहपान राजाचा अमात्य अयम यानं ४६ व्या वर्षी पोढी आणि मंडप दिला. आणि त्याच डोंगरात बुरुडांची आणि कासारांची श्रेणीही आहे! दानाचा पैसा ठेव म्हणून त्यांच्याकडे ठेवला जाई. जन्म कुठला, हे तिथं आड आलं नाही.

अशा दानाची नोंद कशी होई, ते नाशिकच्या लेण्यात कळतं. नहपानाचा जावई उषवदात यानं ४२ व्या वर्षी विणकरांच्या दोन श्रेणींत ३००० कार्षापण ठेवले. त्यातल्या २००० वर महिना शेकडा एक व्याज. वर्षाचे झाले २४०. त्यातून २० भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब चोख! हे सारं निगमसभेत, म्हणजे नगरसभेत, वाचून दाखवलं आणि दफ्तरी नोंदलं. मागावर आयुष्य काढलेल्या आम्हांला विणकरांवरचा हा विश्वास वाचून छाती भरून येते.

पण नुसत्या दफ्तरानं भागत नाही, हेही इतिहासच सांगतो. १९२३ साली मुंबईच्या कौन्सिलात बोले यांचा ठराव झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. तरी पाणी मिळालं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले, तेव्हा कुठं त्या कागदात जीव आला.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांत टाकी धुणारे, मुलांचे अभ्यासवर्ग घेणारे, आजाऱ्याला रात्री-अपरात्री दवाखान्यात नेणारे कितीतरी आहेत. त्यांत आयाबाया जास्त. नगरपालिकेनं त्यांना बोलवावं, आनंदच आहे. पण केलेलं काम मोठ्यानं वाचून दाखवावं, नोंदवावं, आणि त्या कामाला पुढंही पाणी, जागा, पैसा द्यावा. आणि आपल्या विहारानं कुणाची वाट न बघता आजच एक वही घालावी. नाव, वस्ती, काम. पुढच्या पिढीला डोंगर खोदून शोधावं लागू नये.

नमो बुद्धाय! जय भीम!