'करायलो' : हिंगोली परिसरातील एक क्रियारूप आणि मराठी आख्यातांचा इतिहास

हिंगोली जिल्ह्यातील विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत 'शेतकरी काम करायलाय', 'मी लिहायलो' अशी वाक्ये अधूनमधून येतात. परीक्षक त्याखाली लाल रेघ ओढतो आणि 'अशुद्ध' असा शेरा देतो. हा शेरा भाषेच्या इतिहासाला कितपत धरून आहे, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

संस्कृत 'करोति'पासून प्राकृत 'करइ' आणि त्यापासून जुन्या मराठीतील 'करी' हे वर्तमानकाळाचे रूप आले. त्यात लिंगभेद नव्हता. पुढे वर्तमानकाळ 'करीत' या धातुसाधिताकडे गेला. 'करितो', 'करतो' ही रूपे रूढ झाली आणि धातुसाधिताबरोबर 'करतो–करते' हा लिंगभेदही आला. 'करी' मात्र नाहीसे झाले नाही, ते रीतिभूतकाळात सरकले. त्यालाच 'ल' जोडून 'करील' हा भविष्यकाळ सिद्ध झाला. 'करिजे' हा जुना कर्मणी प्रयोग लोपला, तरी 'म्हणजे' आणि 'पाहिजे' या शब्दांत तो आपण वर्गात रोज उच्चारतो. अमेरिकेतील चेरोकी भाषेत स्वतः अनुभवलेला भूतकाळ व ऐकीव भूतकाळ यांचे क्रियाप्रत्ययच निराळे आहेत. मराठी हा भेद 'म्हणे' या शब्दाने दाखविते, आणि 'म्हणे' हेही एक गोठलेले जुने क्रियारूपच होय.

याच जिल्ह्यातील नर्सी हे परंपरेने संत नामदेवांचे (1270–1350) जन्मस्थान मानले जाते. तथापि, त्यांचे अभंग उत्तरकालीन हस्तलिखितांतून आपल्यापर्यंत आल्याने त्यांतील रूपांवरून तेराव्या शतकातील या परिसराची बोली ठरविणे धोक्याचे आहे. त्या दृष्टीने शिलालेख अधिक विश्वसनीय. श्रवणबेळगोळ येथील लेखातील 'करवियलें' हे प्रयोजक लाख्यात त्याचे परिचित उदाहरण.

आता 'करायलो'. 'करायला लागलो' या संयुक्त क्रियापदाचा संकोच होऊन हे रूप झालेले दिसते. गावागणिक उच्चार थोडा बदलतो. रूप लाख्याताचे, अर्थ मात्र चालू वर्तमानाचा, हा त्यावरील मुख्य आक्षेप. परंतु निरोप घेताना पुणेकरही 'मी चाललो' असेच म्हणतो! तेथे कोणी रेघ ओढीत नाही. 'करतो आहे' हेही धातुसाधित व 'असणे' यांच्या जोडणीतूनच झाले आहे. जोडणी करून नवे काळ घडविणे ही मराठीची जुनी रीत आहे.

मग भेद कोठून आला? दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण 1836 साली, तर मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 साली प्रसिद्ध झाले. दामल्यांनी ताख्यात, लाख्यात, ईलाख्यात अशी रूपावर आधारलेली नावे योजून रूप आणि अर्थ यांची गल्लत टाळली, हे येथे विशेष लक्षात घ्यावे. हे व्याकरणकार्य मुंबई-पुण्याकडे घडले. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती आणि सप्टेंबर 1948 पर्यंत तेथेच राहिली. त्या राज्याचा कारभार उर्दूत चाले. प्रमाणरूपे ठरताना हा प्रदेश त्या चर्चेबाहेर होता. 'करायलो'ला शालेय तक्त्यात रकाना मिळाला नाही, त्यामागे रूपाच्या दोषापेक्षा हे कारण अधिक दिसते.

परीक्षेच्या लेखनात प्रमाणरूपाची अपेक्षा रास्त आहे. रेघ ओढावयासही हरकत नाही. शेरा मात्र 'अशुद्ध' असा नसावा, 'बोलीरूप' असा असावा.