दिल्लीतील कुंड्यांचा इतिहास

घराच्या आत-बाहेर रोपे वाढवून ती येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेस पडतील अशी मांडण्याची दिल्लीतील रीत बागांच्या इतिहासापासून वेगळी काढून पाहावी लागते. कारण बाग एका जागी खिळलेली असते, तर कुंडी ऋतूप्रमाणे उन्हात किंवा सावलीत हलवता येते, आणि मे-जूनमधील ‘लू’ (पश्चिमेकडून येणारे तप्त कोरडे वारे) व जानेवारीतील गारठा सोसणाऱ्या या शहरात ही सोय फार मोलाची ठरली.

लाल किल्ल्यातील हयातबख्श बागेत सावन आणि भादो हे दोन संगमरवरी मंडप समोरासमोर उभे आहेत. तेथे पाण्याच्या पडद्यामागील लहान कोनाड्यांत दिवसा फुलदाण्या आणि रात्री दिवे ठेवले जात. रोप जोपासण्यापेक्षा फूल मांडण्याकडे या मुघलकालीन रीतीचा ओढा होता.

कुंड्यांचा आजचा पसारा मात्र मुख्यतः ब्रिटिश अमदानीत वाढला. 1805 मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणाऱ्या विल्यम कॅरी यांनीच 1820 मध्ये कलकत्त्यात कृषी व उद्यानविद्येची संस्था स्थापन केली होती, आणि परदेशी बियाणे व रोपे देशात रुजवण्यात अशा संस्थांचा मोठा वाटा होता. डिसेंबर 1911 च्या दरबारात राजधानी दिल्लीस हलवण्याची घोषणा झाल्यावर नव्या शहरासाठी लागणारी झाडे हुमायूनच्या मकबऱ्याजवळील सुंदर नर्सरीत वाढवली गेली, तर बंगल्यांच्या व्हरांड्यांत कुंड्यांच्या रांगा लागल्या. सरकार उन्हाळ्यात सिमल्यास जात असल्यामुळे दिल्लीत पाहुण्यांची वर्दळ असे ती हिवाळ्यातच, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरून थंडीत फुलणाऱ्या पिटुनिया, पॅन्सी यांसारख्या हंगामी फुलांना येथे जो मान मिळाला त्यामागे हवामानाइतकेच हे राजकीय वेळापत्रकही असावे.

याच हंगामाच्या आरंभी शेवंती फुलते. तिची छाट कलमे पावसाळ्यात लावायची, शेंडे खुडून फुटवे वाढवायचे, काठीचा आधार द्यायचा, आणि मोठे फूल हवे असल्यास फांदीवर एकच कळी राखून बाकीच्या काढून टाकायच्या, असे हे काही महिन्यांचे निगुतीचे काम आहे. राजधानीच्या उद्यानांची कथा सांगताना वास्तुकार ल्युटेन्स आणि उद्यानतज्ज्ञ मस्टो यांची नावे आदराने घेतली जातात. परंतु बागांचे आणि कुंड्यांचे हे काम ज्यांच्या हातांनी झाले त्या माळ्यांची नावे क्वचितच नोंदली गेली, ही या इतिहासातील खरी उणीव आहे.

1957 मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि पुढील दशकांत सदनिका वाढत गेल्या, तशी अंगणाची जागा बाल्कनीने घेतली आणि कमी उजेडात तगणाऱ्या पानशोभेच्या रोपांना मागणी आली. नेहरू प्लेसमधील एका कार्यालयीन इमारतीत कमल मीटल यांनी अरेका पाम, स्नेक प्लांट आणि मनी प्लांट यांच्या हजाराहून अधिक कुंड्या ठेवून आतील हवा शुद्ध राखण्याचा प्रयोग केला आणि 2009 मधील व्याख्यानातून तो जगापुढे मांडला. या विचाराला नासाच्या 1989 च्या अभ्यासाचा आधार दिला जातो. परंतु तो अभ्यास बंद पेट्यांमध्ये झाला होता. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, इमारतीत नेहमी होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीइतका परिणाम साधण्यासाठी दर चौरस मीटरला किमान 10 रोपे लागतील. दिल्लीच्या दूषित हवेवरील उपाय म्हणून कुंडीकडे पाहणे त्यामुळे टिकणारे नाही. तो उपाय वाहने, धूळ आणि धूर यांच्या नियंत्रणातच शोधावा लागेल.