नंबर लावून देणारा

म्हाताऱ्या माणसांना फोन विकणं अवघड, ही तक्रार मोबाइलच्या दुकानांइतकीच जुनी आहे. पण मोबाइल येण्याआधी उदगीरसारख्या गावातली हीच पिढी फोन बिनधास्त वापरत होती.

1984 साली सी-डॉट स्थापन झाली. सॅम पित्रोदांच्या पुढाकारातून लहान गावांत एक्स्चेंज पोचली आणि पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ उभे राहिले. मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला असलेले आजोबा बूथवाल्याकडे चिठ्ठी द्यायचे, "एवढा नंबर लावून दे रे." कोड, एंगेज टोन, पुन्हा डायल करणं, ही सगळी यातायात त्याची. लागला की तो रिसीव्हर पुढे करायचा. आजोबांनी फक्त बोलायचं, लाल आकडे पळताना बघायचे आणि पावतीचे पैसे द्यायचे.

मे 2003 पासून मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाले, दर पडले, बूथ बंद होत गेले. बूथवाल्याचं काम मात्र संपलं नाही. ते आजोबांवर पडलं. कंपन्यांनी दोष डोळ्यांना आणि बोटांना दिला, मोठ्या बटणांचे 'सीनियर' फोन काढले. म्हणजे वर खोक्यावर म्हातारपण छापलं! अमेरिकेत हाइन्झ कंपनीने 1955 साली वृद्धांसाठी डबाबंद मऊ अन्न काढून पाहिलं होतं. काउंटरवर आपलं वय जाहीर करायला गिऱ्हाईक तयार होईना, माल पडून राहिला. त्यापेक्षा तिथलाच 2006 चा 'जिटरबग' फोन शहाणा. त्यात जिवंत ऑपरेटरची सोय होती. तो नंबर लावून द्यायचा. बूथवालाच की!

आम्ही सॉफ्टवेअर लिहिणारे मधला माणूस काढण्यालाच प्रगती समजतो. 10 नोव्हेंबर 2014 ला 'जीवन प्रमाण' आलं: पेन्शनरने हयातीचा दाखला बँकेच्या रांगेत न थांबता अंगठ्यावर द्यावा. झिजलेल्या अंगठ्यांचे ठसे जुळेनात, आणि दाखला नाही तर पेन्शन थांबते. 2021 मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय झाली, अगदी घरबसल्या. तरी नोव्हेंबरात म्हातारी माणसं सेवा केंद्रात जातात आणि काउंटरवरच्या पोराला पैसे देतात. तो त्यांच्या तोंडासमोर फोन धरून सांगतो, "काका, डोळ्याची उघडझाप करा."