रक्तांतील रेणूंचें बंधन

वैनगंगेच्या दोहों तीरांवर पसरलेला चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलूख सागवान, बांबू आणि मोह यांच्या अरण्यांसाठीं प्रसिद्ध आहे. १९८२ सालच्या ऑगस्टपर्यंत हा सारा प्रदेश मिळून एकच जिल्हा होता. जुनें नांव चांदा. या मुलखांतील गोंड, माडिया, परधान इत्यादि जमातींत, आणि त्यांच्या शेजारीं नांदणाऱ्या कांहीं इतर समाजांतहि, एक व्याधि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. मूल जन्मतः निरोगी दिसतें. पांच-सहा महिने लोटल्यावर मात्र त्याचे हातपाय सुजूं लागतात, चेहरा फिकट पडतो, डोळ्यांत पिवळेपणा येतो. आणि पुढें हाडांत व सांध्यांत असह्य कळा येण्याचे प्रसंग वारंवार ओढवतात. धानाच्या रोवणींत पावसांत भिजल्यावर, किंवा उन्हांत तहानेनें व्याकूळ होऊन श्रम केल्यावर, ही कळ विशेष उठते.

आज या व्याधीस सर्वत्र ‘सिकलसेल’ असें म्हणतात. तिचें मूळ कोणत्याहि जंतूंत किंवा अन्नाच्या उणिवेंत नाहीं. रक्तांतील एक रेणु दुसऱ्या रेणूस भलत्या वेळीं धरून ठेवतो, एवढेंच तिचें मूळ आहे. हें सत्य उमगावयास शास्त्रज्ञांस जवळजवळ अर्धें शतक लागलें. आणि शरीरांतील रेणु परस्परांस कसे बांधले जातात, हें समजून घेण्यास या शोधाच्या हकीकतीसारखें दुसरें साधन नाहीं.

रेणूंचीं बंधनें मुख्यतः दोन प्रकारचीं असतात. पहिल्या प्रकारांत अणु आपले इलेक्ट्रॉन परस्परांत वाटून घेतात. हें बंधन सहसा तुटत नाहीं, आणि प्रथिनांच्या सांखळ्या त्यानेंच जोडलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारचें बंधन सौम्य असतें. धन व ऋण भारांचें आकर्षण, हायड्रोजनच्या द्वारें घडणारी जवळीक, आणि पाण्याशीं न जमणाऱ्या भागांनीं पाण्यापासून दूर सरून एकमेकांच्या आश्रयास जाणें, या साऱ्यांचा त्यांत समावेश होतो. असें एकेक बंधन दुर्बळ खरें. परंतु दोन रेणूंचे पृष्ठभाग, खांचेंत खुंटी बसावी तसे जुळले, म्हणजे अशीं अनेक बंधनें एकदम लागून पक्की पकड बसते, आणि वेळ येतांच ती सुटतेहि. शरीराचा बहुतेक व्यवहार या धरण्या-सोडण्यावर चालतो.

तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिन हें याचें उत्तम उदाहरण होय. एका पेशींत त्याचे सुमारें २७ कोटि रेणु दाटीनें भरलेले असतात. प्रत्येक रेणु चार सांखळ्यांचा व ५७४ अमायनो आम्लांचा; प्रत्येक सांखळीजवळ लोहाचा एक अणु. फुप्फुसांत तो प्राणवायूचे चार रेणु धरतो, आणि स्नायूंपर्यंत पोहोंचल्यावर ते सोडून देतो. प्राणवायु सोडतांना त्याची आकृति किंचित् बदलते. निरोगी रक्तांत, इतकी दाटी असूनहि, हे रेणु एकमेकांस चिकटून बसत नाहींत.

१९१० सालीं शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनीं, वेस्ट इंडीजमधील ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्ताचें वर्णन प्रसिद्ध केलें. सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांस वाटोळ्या पेशींबरोबर विळ्याच्या आकाराच्या लांबट पेशी दिसल्या होत्या. १९२७ सालीं हान व गिलेस्पी यांनीं दाखवून दिलें कीं, प्राणवायु काढून घेतला असतां पेशींस हा आकार येतो, आणि तो परत दिला असतां त्या पूर्ववत् होऊं शकतात. १९४५ सालीं डॉ. विल्यम कॅसल यांच्याकडून ही गोष्ट रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांच्या कानीं आली. पेशींतील हिमोग्लोबिनमध्येंच कांहीं दोष असला पाहिजे, असें त्यांनीं ताडलें. इटानो, सिंगर व वेल्स या सहकाऱ्यांसह त्यांनीं निरोगी व रोगी हिमोग्लोबिन विद्युत्‌क्षेत्रांत ठेवून पाहिलें. दोहोंची गति निराळी निघाली. १९४९ सालच्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानें ‘रेणूचा रोग’ ही कल्पना वैद्यकास दिली. पुढें केंब्रिज येथें व्हर्नन इंग्रॅम यांनीं १९५६-५७ मध्यें नेमका फरक शोधून काढला. बीटा नांवाच्या सांखळींत १४६ अमायनो आम्लें असतात. त्यांपैकीं सहाव्या स्थानीं ग्लूटॅमिक आम्लाऐवजीं व्हॅलिन आलेलें होतें. बाकी सारी सांखळी जशीच्या तशी होती.

एवढ्याशा फरकानें एवढा अनर्थ कां व्हावा? ग्लूटॅमिक आम्लावर ऋण भार असतो व त्यास पाणी मानवतें. व्हॅलिनला तें मानवत नाहीं. प्राणवायु सुटून रेणूची आकृति बदलली कीं त्यावर एक लहानशी खांच उघडी पडते, आणि तिच्यांतहि पाण्याशीं न जमणारीं अमायनो आम्लें असतात. शेजारच्या रेणूचें व्हॅलिन त्या खांचेंत जाऊन बसतें. पहिल्यास दुसरा, दुसऱ्यास तिसरा, असें होत होत रेणूंचा १४ पदरांचा दोर वळला जातो, आणि तो पेशीस आंतून ताणून विळ्यासारखी वांकवतो. अशा ताठर पेशी केशवाहिन्यांत अडकतात. पुढील भागास रक्त मिळत नाहीं, आणि कळ उठते. निरोगी पेशी सुमारें १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांतच नाश पावते, म्हणून रक्त सदैव अपुरें पडतें. शरीरांतील पाणी कमी झालें कीं पेशींतील दाटी वाढते, आणि दाटी थोडी वाढली तरी दोर वळण्याचा वेग कितीतरी पटींनीं वाढतो. तहान या रोग्यास इतकी कां बाधते, हें येथें उलगडतें. तान्ह्या मुलाचें हिमोग्लोबिन निराळें असून तें या दोरांत सामील होत नाहीं. म्हणून पहिले कांहीं महिने तें मूल बचावतें.

भारतांत हा दोष १९५२ सालीं लेहमन व कटबुश यांनीं निलगिरींतील आदिवासींत नोंदविला. १९५८ सालीं नागपूरच्या शुक्ल व सोलंकी यांनीं मध्य भारतांतील त्याचा आढळ ‘लॅन्सेट’ या पत्रांत प्रसिद्ध केला. असा घातक गुण काळाच्या ओघांत नष्ट कां झाला नाहीं, याचें उत्तर १९५४ सालीं अँथनी ॲलिसन यांनीं पूर्व आफ्रिकेंत शोधलें होतें. ज्यास हा गुण आई-बाप यांपैकीं एकाकडूनच मिळतो, तो वाहक सामान्यतः निरोगी राहतो. शिवाय तीव्र हिवतापापासून त्याचें बरेंच रक्षण होतें. गडचिरोलीचें अरण्य हिवतापाचें जुनें माहेर आहे. १९७३ सालीं भामरागड भागांत हेमलकसा येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हां तेथील दवाखान्यास याच तापाशीं झुंजावें लागलें. ज्या गुणानें कित्येक बालकें तापांतून वांचविलीं, त्याच गुणानें दोहों बाजूंनीं वारसा मिळालेल्या बालकांस आयुष्यभराचें दुखणें दिलें.

आई व बाप दोघेहि वाहक असल्यास प्रत्येक गर्भाच्या वेळीं मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन, आणि पूर्ण निर्दोष होण्याचा चारांत एक असतो. विवाहापूर्वीं दोघांच्या रक्ताची तपासणी व्हावी, असें सांगण्यांत येतें तें याचसाठीं. तथापि वाहक म्हणजे रोगी नव्हे, हा भेद समाजास न समजल्यास तपासणीचा कागदच घात करतो. वाहक मुलीचें लग्न मोडतें, आणि तिच्याइतकाच वाहक असलेला मुलगा तपासणीवांचून बोहल्यावर चढतो. वस्तुतः जपावयाचें तें दोन वाहकांच्या जोडीस. एकट्या वाहकास दोष देण्याचें कांहींच कारण नाहीं.

उपायांची दिशाहि या बंधनाच्या ज्ञानांतूनच निघाली. भरपूर पाणी, ऊब आणि तापावर वेळींच उपचार यांनीं दोर वळण्यास आळा बसतो. हायड्रॉक्सियुरिया हें औषध तान्ह्या मुलाचें हिमोग्लोबिन मोठेपणींहि वाढवितें. अमेरिकेंत १९९८ सालीं प्रौढ रोग्यांसाठीं त्यास मान्यता मिळाली. २०२३ सालीं जनुकांत फेरफार करणाऱ्या उपचारासहि तेथें व ब्रिटनमध्यें मान्यता मिळाली. परंतु त्याचा खर्च कोट्यवधि रुपयांचा आहे. त्याच वर्षींच्या जुलैंत भारत सरकारनें राष्ट्रीय मोहीम आरंभून ७ कोटि लोकांच्या तपासणीचा आणि २०४७ पर्यंत या व्याधीच्या निर्मूलनाचा संकल्प सोडला. तो कितपत सिद्धीस जातो, हें दूरच्या वस्त्यांपर्यंत तपासणी, गोळी व खुलासा हीं तिन्ही एकत्र पोहोंचण्यावर अवलंबून आहे. रोवणीच्या बांधावर कळवळणाऱ्या पोरास व्हॅलिनचें नांव ठाऊक असण्याची गरज नाहीं. पाण्याचा तांब्या वेळेवर त्याच्या हातीं यावा, गोळी घरांत असावी, आणि त्याच्या धाकट्या भावंडाचें रक्त जन्मतःच तपासलें जावें, एवढें मात्र या शंभराहून अधिक वर्षांच्या विद्येनें त्यास देणें लागतें.