कल्याणजी-आनंदजी : क्लॅव्हिओलिनपासून सॅम्पलिंगपर्यंत

हिंदी चित्रपटसृष्टीतील कल्याणजी-आनंदजी या संगीतकार बंधूंची ओळख सामान्यतः साध्या व सुलभ चालींचे रचनाकार अशी करून दिली जाते. ती खरी असली तरी अपुरी आहे. हिंदी चित्रपटातील विद्युत वाद्याच्या आरंभीच्या प्रयोगांपैकी सर्वाधिक गाजलेला प्रयोग याच जोडीतील थोरल्या बंधूंच्या हातून घडला. पुढे अर्ध्या शतकाने याच जोडीच्या चाली अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक व हिप-हॉप संगीतात पुन्हा अवतरल्या. या दोन्ही टोकांना एक प्रश्न समान आहे, तो श्रेयाचा.

कल्याणजी वीरजी शाह यांचा जन्म १९२८ मध्ये कच्छमधील कुंदरोडी येथे झाला. आनंदजी त्यांच्याहून सुमारे पाच वर्षांनी लहान. वडिलांनी मुंबईत किराणा मालाचे दुकान थाटले. उधारी फेडू न शकलेल्या एका संगीतशिक्षकाने पैशाऐवजी मुलांना संगीत शिकवले, अशी आख्यायिका सांगितली जाते. दोघांच्या वाढीच्या वयात गिरगावच्या मराठी-गुजराती वस्तीचे संस्कार त्यांच्यावर झाले.

कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच तंत्रज्ञाने १९४७ मध्ये क्लॅव्हिओलिन हे वाद्य तयार केले. काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारे हे वाद्य दोन पेट्यांत मावत असे. एका पेटीत तीन सप्तकांची पट्टी असे आणि दुसरीत ध्वनिवर्धक. आवाज लहानमोठा करण्यासाठी गुडघ्याने ढकलावयाचा दांडा असे. त्याची मोठी मर्यादा म्हणजे एका वेळी एकच स्वर निघे, त्यामुळे पियानोप्रमाणे स्वरसंघात वाजवणे अशक्य होते. परंतु ज्या संगीतपरंपरेत मुळातच एका स्वरामागून दुसरा स्वर मींड घेत येतो, तिला ही मर्यादा जाचक नव्हती. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटासाठी संगीतकार हेमंतकुमार यांना गारुड्याच्या पुंगीचा आवाज हवा होता. कल्याणजींनी तो क्लॅव्हिओलिनवर काढला. हार्मोनियमची साथ रवी यांची होती, जे पुढे स्वतः नामवंत संगीतकार झाले. ‘मन डोले’ या गीतातील ती पुंगी इतकी अस्सल वाटली की ती गारुड्यानेच वाजवली असावी असा असंख्य श्रोत्यांचा समज झाला. भिलाईच्या पोलाद नगरीपासून कोल्हापूरपर्यंत, आजही वरातीतील बँडवाले ‘नागिन नृत्या’साठी जी धून वाजवतात, ती या विजेवरच्या पुंगीचीच नक्कल होय. खऱ्या पुंगीची नव्हे!

‘नागिन’साठी फिल्मफेअर पुरस्कार हेमंतकुमारांना मिळाला आणि तो रास्तच होता, कारण चाली त्यांच्या होत्या. वादकाचे नाव मात्र दीर्घकाळ जाणकारांपुरतेच राहिले.

‘कल्याणजी वीरजी अँड पार्टी’ हे त्यांचे वाद्यवृंद पथकही त्या काळात परिचित होते. ‘सम्राट चंद्रगुप्त’ला कल्याणजींनी एकट्याच्या नावाने संगीत दिले, १९५९ च्या ‘सट्टा बाजार’पासून आनंदजी जोडीदार झाले. सुरुवातीच्या वर्षांत लक्ष्मीकांत-प्यारेलाल त्यांचे साहाय्यक होते. ‘छलिया’ (१९६०) व ‘जब जब फूल खिले’ (१९६५) यांनी त्यांना घराघरांत पोहोचवले. ‘सरस्वतीचंद्र’साठी (१९६८) राष्ट्रीय पुरस्कार, तर ‘कोरा कागज’साठी (१९७४) फिल्मफेअर पुरस्कार त्यांना मिळाला. हे दोन्ही चित्रपट सौम्य, सुरेल गीतांचे आहेत, आणि पुरस्कारांनी जोडीची जी प्रतिमा रूढ केली ती याच गीतांची.

त्यांची दुसरी बाजू साहसपटांत, विशेषतः फिरोज खान यांच्या चित्रपटांत ऐकू येते. ‘अपराध’ (१९७२), ‘धर्मात्मा’ (१९७५) आणि ‘कुर्बानी’ (१९८०) यांच्या संगीतात ब्रासचे तुकडे, विद्युत गिटार आणि पाश्चात्य ताल मोकळेपणाने वापरले आहेत. तालवाद्यांच्या बाजूला त्यांचे धाकटे बंधू बाबला यांचा मोठा हात होता; त्यांनीच पुढे डिस्को दांडिया लोकप्रिय केला. ‘डॉन’मधील (१९७८) ‘ये मेरा दिल’ हे आशा भोसले यांचे गीत या वळणाचा उत्तम नमुना ठरावे. ‘कुर्बानी’त मात्र सर्वाधिक गाजलेले ‘आप जैसा कोई’ हे गीत त्यांचे नव्हतेच. ते लंडनमध्ये बिद्दू यांनी नाझिया हसन यांच्या आवाजात तयार केले होते. डिस्कोचा नवा, अधिक काटेकोर ध्वनी बाहेरून आला होता आणि मुंबईच्या स्टुडिओंना त्याच्याशी जुळवून घेणे भाग पडले.

ते काम कल्याणजींचे चिरंजीव विजू शाह यांनी सिंथेसायझरच्या साहाय्याने केले. ‘त्रिदेव’च्या (१९८९) संगीतावर त्यांची छाप स्पष्ट आहे. त्यातील ‘ओये ओये’ ही हाक ग्लोरिया एस्टेफान यांच्या १९८७ च्या इंग्रजी गीतावरून घेतलेली होती. देवाणघेवाण एकाच दिशेने चालत नव्हती, हे येथे नमूद करावयास हवे.

उलट दिशेचा प्रवास १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाला. डॅन द ऑटोमेटर या अमेरिकी निर्मात्याने या बंधूंच्या जुन्या पार्श्वसंगीतावर नवे ताल चढवून ‘बॉम्बे द हार्ड वे’ हा अल्बम काढला. मुखपृष्ठावर बंधूंचे नाव होते. पण रचनांना मूळ चित्रपटांची नावे न देता थट्टेखोर इंग्रजी शीर्षके देण्यात आली. चित्रपट कोणता, प्रसंग कोणता, हे परदेशी श्रोत्याला कळण्यास वाव राहिला नाही.

२००५ मध्ये ब्लॅक आइड पीज या गटाच्या ‘डोन्ट फंक विथ माय हार्ट’ या गीतात ‘ये मेरा दिल’चा आणि ‘अपराध’मधील एका गीताचा अंश वापरला गेला. या वेळी गीताच्या श्रेयनामावलीत कल्याणजी, आनंदजी व गीतकार इंदीवर यांची नावे आली. २००६ मध्ये त्या गीताला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. इंदीवर १९९७ मध्ये आणि कल्याणजी २४ ऑगस्ट २००० रोजी निवर्तले होते. तिघांपैकी केवळ आनंदजी तेव्हा हयात होते.