आस्वानची वेस

नाईल नदीवरील आस्वान शहर पाहावयास येणारा प्रवासी बहुधा ‘येथें इजिप्त संपला’ अशा समजुतीनें येतो. समजूत अगदींच निराधार नव्हे. नाईलचा पहिला धबधबा (वस्तुतः तो खडकांत अडखळणारा प्रवाहच) येथें आहे. त्याच्या पलीकडे नुबिया. परंतु वेशीला आंतली व बाहेरची अशा दोन बाजू असतात, आणि आस्वानच्या इतिहासांत बाहेरच्या बाजूचें देणें कांहीं थोडेंथोडकें नाहीं.

पश्चिम तीरावरील टेकडींत इ. स. पूर्वीं २३ व्या शतकांतील हरखूफ या अधिकाऱ्याचें थडगें आहे. हा गृहस्थ दक्षिणेकडील याम देशास वारंवार जाऊन धूप, आबनूस व हस्तिदंत घेऊन येई. एका खेपेस त्यानें नाचणारा एक ठेंगू माणूस आणला. तेव्हां बालराजा दुसरा पेपी यानें त्यास पाठविलेलें पत्र थडग्याच्या दर्शनी भिंतीवर कोरलेलें आहे. ठेंगूभोंवतीं विश्वासू माणसें ठेव, त्यास पाण्यांत पडूं देऊं नको, रात्रीं दहा वेळां पाहून घे, असा राजाचा हुकूम! चार हजार वर्षें लोटलीं, तरी त्यांतलें पोरपण लपत नाहीं.

खरें नवल मात्र फायलीच्या आयसिस-मंदिरांत आहे. इजिप्तच्या चित्रलिपींतील आपणांस ज्ञात असलेला शेवटचा लेख येथेंच, २४ ऑगस्ट ३९४ रोजीं कोरला गेला, आणि तो मंडुलिस या नुबियन देवाच्या आकृतीपाशीं! रोमन बादशहांनीं जुनी पूजाअर्चा बंद केली होती. तरी दक्षिणेकडील टोळ्यांच्या धाकानें फायलीचें देऊळ उघडें राहिलें. पांचव्या शतकाच्या मध्यास झालेल्या तहांत तर देवीची मूर्ति आपल्या मुलखांत नेऊन परत आणण्याची मुभा त्यांनीं मिळविली. आपल्याकडील ग्रामदेवतेची पालखी जाणणाऱ्यांस या अटीचें मोल सांगावयास नको. पुढें सहाव्या शतकांत जस्टिनियननें देऊळ बंद केलें. तात्पर्य, ज्यांस इजिप्तनें रानटी मानिलें, त्यांनींच त्याच्या धर्माची शेवटची समई तेवत ठेविली.

१९०२ सालच्या धरणानें फायली वर्षांतील बरेच महिने पाण्यांत राहूं लागलें. १९६० सालीं आरंभिलेलें मोठें धरण १९७० सालीं पुरें झालें. देऊळ चिरा-चिरा सुटा करून अगिल्किया बेटावर पुन्हा उभारलें गेलें. १९८० पासून तें तेथें खुलें आहे. काम अद्भुत खरें. पण १९६३-६४ सालीं सुमारें ५०,००० नुबियन लोकांस घरें व खजुरीचीं झाडें सोडून कोम ओम्बोनजीक न्यावें लागलें, तेव्हां जगाचें लक्ष दगडांकडेच अधिक होतें.

मंडुलिसचें मोठें देऊळ कलाब्शा येथें होतें. तेंही हलविलें, आतां तें मोठ्या धरणाजवळ आहे. कलाब्शा गांवचे लोक मात्र आस्वानच्या उत्तरेस, नदीपासून दूर. त्यांच्या नव्या वस्तीचें नांवही कलाब्शाच आहे.